सोळा आणि समोर दहा

मन्या गेला हे मला गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला कळलं. मी दाढी करत होतो, अर्ध्या गालावर साबण होता. फोन नीताचा, म्हणजे मन्याच्या मुलीचा. "काका, बाबा गेला," एवढंच बोलली. "किती वाजता?" मी विचारलं. "पाच-साडेपाच. हॉस्पिटलमधून फोन आला." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेली दाढी केली. लोकांना हे विचित्र वाटेल. पण अर्धी दाढी तशीच ठेवून काय मन्या परत येणार होता?

पुढच्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळानं विलायतेतल्या आमच्या स्लाऊ गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये शोकसभा घेतली. आमचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले की बसत नाहीत. ते म्हणाले, "शेवटच्या दोन वर्षांत मनोहररावांचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. गणपतराव हेच त्यांचा आवाज होते." गणपतराव म्हणजे मी. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, दोघी-तिघींनी डोळे पुसले. मग अध्यक्षांनीच गळ घातली की पुण्याच्या पेपराच्या पुरवणीसाठी मन्यावर चार शब्द लिहा. मी चौथी पास माणूस. लिहिलेलं नीट करून देतो असं दोघं-तिघं म्हणाले, मी नको म्हटलं. यातल्या चुका माझ्या आहेत, त्या तशाच छापाव्यात.

मन्या बी.एस्सी. होता. हे तो पहिल्या भेटीत सांगायचा, आणि दुसऱ्या भेटीतही सांगायचा. ट्रेडिंग इस्टेट म्हणतात त्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या रंगाच्या फॅक्टरीत आम्ही दोघं एकाच लाइनवर डबे भरायला लागलो. त्याचीही बोटं निळी, माझीही निळी, पण तो मला "काय रे अडाण्या" म्हणायचा. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तेव्हा माझी सगळी पत्रं तोच वाचायचा. कौन्सिलचं असो, डॉक्टरचं असो, मी पाकीट न फोडता कँटीनमध्ये त्याच्या हातात द्यायचो आणि तो मोठ्यानं वाचायचा. मुळव्याधीच्या तपासणीचं पत्रसुद्धा त्यानं असंच वाचलं, मराठीत आणि मग गुजराती मंडळींसाठी हिंदीत. एकदा फॅक्टरीचं पत्र आलं. त्यानं चेहरा पाडून वाचलं की तुला कामावरून कमी केलंय. मी तोंडातला घास तसाच घेऊन संडासात जाऊन बसलो. अर्ध्या तासानं त्यानं दारावर थाप मारली. "ये बाहेर, नवे बूट मिळणार आहेत असं लिहिलंय." अख्खं कँटीन हसत होतं. मीही हसलो... दुसरं काय करणार? दुसऱ्या दिवशी आलेलं पत्रही त्याच्याच हातात द्यावं लागलं.

असा होता तो. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं म्हणतात. त्याचं चांगलं असं, की बायको गेल्यावर मला तीन महिने रोज डबा त्यानंच आणून दिला. रोज दारात उभा राहून म्हणायचा, "मीठ कमी वाटलं तर बोलू नकोस. तुला फुकटात आहे." पुढं फॅक्टरी बंद होणार असं ठरलं, तेव्हा आधी सोडून जाणाऱ्यांना कंपनीनं काहीतरी देऊ केलं. मन्यानं पहिल्याच दिवशी सही केली. मी आणि आणखी नऊ जण शेवटपर्यंत गेटवर बसलो. त्यात मला काय मिळालं ते इथं सांगत नाही. पण त्या दिवसापासून मी त्याला पळपुटा म्हणायला लागलो. तो म्हणायचा, "पळपुटा नव्हे रे, मला गणित येतं."

हे गणित पुढं पत्त्यांत आलं. वहिनी गेल्यावर मन्या नीताकडे राहायला आला. दिवसभर घरात बसून तिचं डोकं खायचा. कुणीतरी सांगितलं की शेजारच्या गावातल्या कॅसिनोत दुपारी म्हाताऱ्यांना चहा-सँडविच असतं, खुर्च्या मऊ असतात, हिटिंग भरपूर असतं. दर मंगळवारी आम्ही बस पासवर जायला लागलो. टेबलावर थोडक्या चिप्सवर, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांवर, तीन तास काढायचो. खेळ ब्लॅकजॅकचा. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. तुम्हाला दोन पानं मिळतात, कॅसिनोचा जो माणूस पत्ते वाटतो त्या डीलरपुढे एक पान उघडं असतं. चित्राचे दहा धरून, हवं तर आणखी पान मागून, तुमच्या पानांची बेरीज डीलरपेक्षा एकवीसच्या जवळ न्यायची, पण एकवीसच्या वर गेली की मेलात. आणि त्या कॅसिनोत आणखी एक सोय होती. पहिली दोन पानं बघून तुम्हाला हात नकोसा वाटला तर "सरेंडर" म्हणायचं. अर्ध्या चिप्स परत मिळतात, अर्ध्या जातात, तो डाव तुमच्यापुरता संपतो.

मन्यानं मला हे शिकवलं ते नीताच्या डायनिंग टेबलावर, पानं मांडून. "सोळा असेल आणि डीलरसमोर दहा किंवा चित्र असेल, तर सोड. नऊ असेल तरी सोड. पंधरा असेल आणि समोर दहा असेल, सोड. सतराच्या वर कधी सोडायचं नाही, बाराला, तेराला कधी सोडायचं नाही."

"सोळाला का सोडायचं? पाच आलं तर एकवीस होतात की."

"पाच येईल. सहाही येईल, मग काय करशील? अरे, असा हात चार वेळा खेळलास तर एकदाही धड जिंकत नाहीस. चारात एकदा जिंकायची आशा नसेल तर अर्धं घ्यायचं आणि गप्प बसायचं. चारपर्यंत तरी शिकवलं ना तुला शाळेत?"

"आणि एक्का-पाच? तेही सोळाच."

"ते सोळा नव्हे. एक्का एकही होतो, अकराही होतो, पुढचं पान काहीही आलं तरी मरत नाहीस. ते सोडणारा गाढव असतो. आणि लक्षात ठेव, सोडायचं ते पहिल्या दोन पानांवर. तिसरं पान मागितलंस की शेवटपर्यंत जायचं."

मला सगळं कळलं होतं. चौथी पास असलो तरी मठ्ठ नाही. पण मी कधी सोडलं नाही. दर मंगळवारी तो सोळाला सोडायचा, मी खेळायचो आणि हरायचो. त्याच्या अर्ध्या चिप्स परत यायच्या तेव्हा मी म्हणायचो, "टेकलेस हात?" तो म्हणायचा, "तुझे तर तुटले." सहा-सात वर्षं अशी गेली. बाजूला बसणारी एक चिनी बाई होती, तिला आमची भाषा येत नव्हती, पण आम्ही भांडायला लागलो की ती सँडविच घेऊन सरसावून बसायची.

मग मन्याला पार्किन्सन झाला. आधी उजवा हात, मग दोन्ही, मग आवाज. हात थरथरतात एवढं लोकांना माहीत असतं, आवाज जातो हे माहीत नसतं. घसा बसल्यावर येतो तसा नव्हे, त्याहून खाली, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसा आवाज यायचा. नीताला कळायचं नाही, डॉक्टरला कळायचं नाही. मला कळायचं. चाळीस वर्षं मशीनच्या घरघरीत त्याच्या ओठांवरून त्याच्या शिव्या वाचल्या होत्या मी.

टेबलावर पान हवं असेल तर बोट टेकवायचं, नको असेल तर हात आडवा फिरवायचा, असा नियम आहे. एका मंगळवारी मन्याकडे एकोणीस होते. त्याचा हात थरथरून टेबलाला लागला, डीलरनं पान टाकलं, सात आलं, गेला. टेबलावर देखरेख करणारे साहेब आले, वरच्या कॅमेऱ्यात बघून आले, सॉरी म्हणाले. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. "तुमचे मित्र तुमच्या वतीनं सांगतील, चालेल?" मन्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला आवडलं नव्हतं. पण त्यानं मान हलवली.

त्या दिवसापासून तो पुटपुटायचा, मी डीलरला सांगायचो. पहिले दोन-तीन आठवडे नीट चाललं. मग एका दुपारी त्याच्यापुढे दहा आणि सहा आले, समोर डीलरचा राजा. मन्या म्हणाला, "सोड."

मला ऐकू आलं. त्याबद्दल शंका नको. मी डीलरकडे बघितलं आणि म्हणालो, "कार्ड."

पाच आलं. एकवीस. चिनी बाईनं टाळ्या वाजवल्या. डीलरचे वीस निघाले आणि मन्याच्या चिप्सशेजारी तेवढ्याच चिप्स आल्या. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलास की रे."

तो म्हणाला, "मी नाही."

खरं सांगायचं तर त्या दुपारी मला जेवढं बरं वाटलं तेवढं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. बसमध्ये मी त्याला दोनदा तोच डाव सांगितला. तो खिडकीबाहेर बघत होता. पुढच्या मंगळवारी पुन्हा सोळा आले, समोर दहा. "सोड," तो म्हणाला. "कार्ड," मी म्हणालो. आठ आलं, गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पंधरा, समोर दहा. "सोड." "कार्ड." गेला. त्याला ओरडता येत नव्हतं, हात उचलून डीलरला थांबवता येत नव्हतं. तो फक्त मान माझ्याकडे वळवायचा, आणि मान वळेपर्यंत पान पडलेलं असायचं. एकदा म्हणाला, "गणप्या, तुला ऐकू येत नाही का?" मी म्हणालो, "येतं की."

हे किती महिने चाललं ते विचारू नका. का केलं तेही अध्यक्षांना सांगता येईल असं काही नाही. त्याचे डबे खाल्ले होते मी तीन महिने. त्याच्या तोंडून माझी मुळव्याधीची पत्रं ऐकली होती. आता त्याचं बोलणं माझ्या तोंडातून जात होतं, आणि ते मला वाटेल तसं जात होतं... एवढंच. बाकी हात मी अगदी इमानानं सांगायचो, हेही लिहून ठेवतो. वीस असले, तो "नको" म्हणाला, तर नकोच सांगायचो. फक्त सोडायचं मी सांगत नव्हतो.

मग मन्या सोळाला काही बोलेनासा झाला. समोर दहा आलं की डोळे मिटायचा. मला वाटलं, आता त्यालाही पटलं.

तसं नव्हतं. एका मंगळवारी आम्ही बसलो, डीलर आयरिश पोरगी होती, सगळ्यांशी गोड बोलणारी. पहिली पानं पडली आणि मन्यानं कोटाच्या खिशातून थरथरत एक पुठ्ठा काढला. नीतानं छापून वर प्लास्टिक चढवून दिलेला. एका बाजूला मोठ्या अक्षरांत पान हवं, दुसऱ्या बाजूला नको. असा आणखी एक पुठ्ठा होता, लाल. त्यानं ते दोन्ही मांडीवर ठेवले. देखरेखीच्या साहेबांना नीतानं आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. मलाच तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझी सुट्टी," मन्या म्हणाला.

पहिल्या दोन हातांना पुठ्ठा वर आला, खाली गेला. तिसऱ्या हाताला त्याच्यापुढे राणी आणि गुलाम आले. वीस. डीलरसमोर दहा. मी उगाच खुर्चीत सावरून बसलो. मन्यानं लाल पुठ्ठा उचलला, सरेंडरचा. तो इतका हलत होता की पोरीला वाचायला वाकावं लागलं. वाचून ती म्हणाली, "वीस आहेत तुमचे, डार्लिंग. नक्की?"

पुठ्ठा वरच होता.

"मन्या, अरे वीस आहेत," मी म्हणालो. "वीसला कुणी सोडतं का? तूच म्हणायचास ना, सतराच्या वर..."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. पोरीनं साहेबांना हाक मारली. साहेब आले, पानं बघितली, लाल पुठ्ठा बघितला, मन्याचं तोंड बघितलं. म्हणाले, "बॉक्स त्यांचा आहे. ते म्हणतील तसं." बॉक्स म्हणजे टेबलावरची तुमची जागा, ज्याच्यावर तुमचा हात पडतो. पोरीनं अर्ध्या चिप्स उचलल्या. पुढं डीलरचे एकोणीस निघाले. म्हणजे तो जिंकला असता.

त्या दुपारी जेव्हा जेव्हा डीलरसमोर दहा आलं, तेव्हा तेव्हा मन्यानं सोडलं. अठरा असले तरी सोडलं. अकरा असताना सोडलं. एक्का-पाच असताना सोडलं, जे सोडणारा गाढव असतो असं त्यानंच मला शिकवलं होतं. आयुष्यभर गणित गणित करणारा माणूस एकेक हात फेकत होता, आणि दर वेळी लाल पुठ्ठा डीलरच्या दिशेला नाही, माझ्या तोंडासमोर धरत होता. चिनी बाईनं सँडविच खाली ठेवलं आणि ती दुसऱ्या टेबलावर गेली. सगळ्या चिप्स संपल्या तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो हसत होता. मुळव्याधीचं पत्र वाचताना हसायचा तसंच.

मी एकटा बसनं परत आलो. त्याला आणायला नीता गाडी घेऊन आली. पुढच्या मंगळवारी मी गेलो नाही, फोनही केला नाही. त्यानं करायचा होता. त्याला फोनवर बोलता येत नाही हे मला माहीत होतं, तरीही त्यानंच करायचा होता.

चार महिन्यांनी नीताचा फोन आला. बाबा बाथरूममध्ये पडला, हॉस्पिटलमध्ये आहे, छातीत इन्फेक्शन झालंय. "काका, तो सारखा काहीतरी बोलतो आणि मला काहीच कळत नाही. नर्सला पण नाही. हात उचलतच नाही तर ती कार्डं काय करणार? तुम्ही येता का प्लीज? तुम्हालाच कळतं."

मी गेलो. दुपारची वेळ होती, खिडकीत ऊन होतं. मन्या अर्धा झाला होता. गालांत खड्डे, दात काढून ठेवलेले. नीतानं माझ्यासाठी खुर्ची पलंगाला चिकटवून ठेवली आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, काका आला. आता तू सांग, काय पाहिजे ते सांग. काका आम्हाला सांगेल." मग माझ्याकडे वळली. दोन रात्री झोपली नव्हती ती. "काय वाट्टेल ते मागू दे, काका, मी देईन. मला फक्त कळू दे."

मन्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग ओठ हलले. दात नव्हते, आवाज जवळजवळ नव्हता, तरी मला पहिल्याच वेळेला नीट कळलं.

तो म्हणाला, "याला बाहेर काढ."

"काय म्हणतो, काका?" नीतानं विचारलं.

मी म्हणालो, "पाणी मागतोय."

तिला रडूच आलं. त्याला प्यायला पाणी द्यायची मनाई होती, श्वासनळीत जातं म्हणून. काडीच्या टोकाला लावलेला एक गुलाबी स्पंज होता, तो तिनं पाण्यात बुडवला आणि त्याच्या ओठांवरून फिरवला. मन्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. त्याचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. त्यानं पुन्हा ओठ उघडले, पुन्हा तेच म्हणाला, तेच तीन शब्द.

"अजून?" नीतानं विचारलं.

"अजून," मी म्हणालो.

तिसऱ्या वेळेला त्यानं नुसते डोळे मिटून घेतले, टेबलावर मिटायचा तसे. मी भेटीची वेळ संपेपर्यंत त्या खुर्चीत बसून राहिलो. नीता मध्ये कॉफी घेऊन आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही आलात म्हणून तो शांत झाला." दोन दिवसांनी तिचा तो सकाळचा फोन आला.

आवाज होतो मी त्याचा, असं अध्यक्ष म्हणाले. म्हणून हे लिहिलं. अध्यक्षांनी छापायला द्यायच्या आधी वाचायला मागितलं होतं, मी दिलं नाही. नीता मराठी बोलते, पण तिला वाचता येत नाही. कुणी वाचून दाखवलं तर दाखवावं, माझी हरकत नाही. मी स्वतः दाखवणार नाही. मी माफी मागायला बसलेलो नाही, आणि मागायची तर ती ज्याच्याकडे मागायची तो माणूस काही मला ती सुखानं मागू देणाऱ्यातला नव्हता.

मागच्या मंगळवारी दुपारी नीताकडे गेलो होतो. मन्याची खोली तिनं तशीच ठेवली आहे. पलंगाशेजारी एक छोटं टेबल, त्याच्यावर फोटो, आणि फोटोपुढे काचेच्या ग्लासात पाणी. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती ते बदलते. तिचे यजमान इंग्रज आहेत, त्यांनाही तिनं सांगून ठेवलंय, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते की बाबानं शेवटी पाणी मागितलं आणि मी त्याला पोटभर देऊ शकले नाही. सांगताना प्रत्येक वेळी रडते. माझ्यासमोरही रडली.

मग डोळे पुसून म्हणाली, "आज सकाळी घाईत राहिलं, काका. आज तुम्ही भराल? त्याला आवडेल."

मी ग्लास किचनमध्ये नेला, विसळला, नळाखाली काठोकाठ भरला आणि न सांडता परत आणून ठेवला. तिनं पलंगाशेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो. तिनं चहा आणला, तो प्यायलो. तिला कामाचा फोन आला, ती खाली गेली, खोलीत आम्ही दोघंच उरलो... तरी मी उठलो नाही.